मेंढरांच्या मधली जागा

१

उन्हाळ्यात बारा वाजले की मेंढरू चरत नाही. झाड असलं तर झाडाखाली जातं. झाड नसलं तर मेंढरं एकमेकांत घुसतात. प्रत्येक जण आपलं मुंडकं शेजारच्याच्या पोटाखाली घालतो. पाठी उन्हात, डोकी सावलीत. लोकरीचं एक मोठं रिंगण होतं आणि त्यातून धापांचा आवाज येत राहतो. चार वाजेपर्यंत ते रिंगण हलत नाही. साठ वर्षं मी हे पाहत आलो. तेवढ्या वेळात मी भाकर खातो, तंबाखू मळतो, डोक्यावर दुपट्टा ओढून बसतो.

आमचं गाव दिग्रसच्या बाजूला. गावाच्या वर ई-क्लासची जमीन आहे, सरकारी चराई. तिथं पूर्वी झाडं होती. लोकांनी तोडली.

मागच्या मे महिन्यात एका दुपारी मी मेंढरं मोजायला उठलो. चाळीस होती, भरली. पण मोजताना रिंगणाच्या मधे नजर गेली. मधे जागा कधी नसते. तिथं तर डोकी एकमेकांत अडकलेली असतात. त्या दिवशी मधे उघडी जमीन दिसली. एक माणूस कुशीवर झोपला तर मावेल एवढी.

मला वाटलं, साप असेल. मी काठी घेऊन जवळ गेलो. पण साप असला की मेंढरू तोंड फिरवतं. इथं चाळीसही तोंडं आत होती, नाकं जमिनीला लागायला आलेली. खाली दगड आणि वाळलेलं गवत. बाकी काही नाही.

मी हाकललं. मेंढरं पांगली. मी परत येऊन बसेपर्यंत ती पुन्हा त्याच जागी गोळा झाली होती. मधली जागा तशीच सोडलेली.

आणि धापा ऐकू येत नव्हत्या. बेचाळीस डिग्री ऊन होतं आणि एक मेंढरू धापत नव्हतं.

२

माझा मुलगा उकंडा त्या जागेत झोपायचा.

त्याच्या आधीची दोन लेकरं आमची गेली. म्हणून हा जन्मल्यावर त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव उकंडा ठेवलं. अशा नावाच्या लेकराकडे मरण पाहत नाही म्हणतात. पुढं पलटणीत साहेब लोक त्या नावाला हसायचे, असं त्यानंच सांगितलं.

सकाळी तो माझ्याबरोबर कपाशीत डवरा हाकायचा आणि ऊन चढलं की मेंढरं घेऊन वर जायचा. खोकल्यावरून मेंढरू ओळखायचा. एकदा एका पिल्लाचा पाय मोडला तर पऱ्हाटीच्या काड्या बांधून त्यानं तो पाय सरळ केला. दुपारी रिंगण झालं की चारी हातापायांवर आत शिरायचा आणि मधे कुशीवर निजायचा. मेंढरं त्याच्यासाठी सरकायची. मी दोनदा काठीनं मारलं. माणसानं माणसासारखं बसावं, असं माझं म्हणणं.

भरतीला मीच पाठवला. एकोणीस वर्षांचा होता. म्हणाला, "बाबा, मेंढरं कोन पाहीन?"

मी म्हणालो, "मेंढरं पाहणारे गावात लय हायेत. वर्दीवाला एकबी नाई."

रोज पहाटे मी त्याला दिग्रसच्या रस्त्यानं पळवला. मी सायकलवर, तो पुढं. पास झाला. तीन वर्षांनी, नव्याण्णव साली, वरच्या बर्फातल्या लढाईत गेला. आम्ही इकडे पेरणीसाठी आभाळाकडे पाहत होतो. पेटी आली ती बंद होती. मी उघडू दिली नाही. बसथांब्याजवळ त्याचा अर्धा पुतळा आहे. पंधरा ऑगस्टला मी तिथं हार घालतो आणि दोन शब्द बोलतो. दोनच बोलतो.

मेंढरू जगतं सात-आठ वर्षं. आजच्या चाळीसमधल्या एकानंही उकंडाला पाहिलेलं नाही. त्यांच्या आयांनीही नाही. आयांच्या आयांनीही नाही. म्हणजे सवय म्हणावी तर सवय कोणाची? हे मी तिथं बसून नीट विचार करून पाहिलं. तेव्हा मी ठरवलं की जमिनीत काहीतरी असेल. ओल असेल, क्षार असेल.

दुसऱ्या दिवशी मेंढरं नाल्यापलीकडे नेली. तिसऱ्या दिवशी आमच्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत. जमीन बदलली. मधली जागा बदलली नाही.

३

घरी मी काही बोललो नाही. माझी बायको बेबी. सत्तरीची आहे, गुडघे गेलेले. तरी त्या गुरुवारी ती शिदोरी घेऊन वर आली. शेजारचं पोरगं रोज आणतं, ते लग्नाला गेलेलं.

"येवढं ऊन हाय, तुले कोनं सांगतलं याले?" मी म्हणालो.

"तुमी भुके राह्यले तर रात्रभर मलेच ऐकवान," ती म्हणाली. मग तिचं लक्ष मेंढरांकडे गेलं.

ती बराच वेळ उभी राहिली. हातातलं फडकं खाली ठेवलं. चपला काढल्या, देवळात काढतात तशा. आणि चालत रिंगणात गेली. माझ्यासाठी काठी मारल्याशिवाय न सरकणारी मेंढरं तिच्यासाठी सरकली आणि तिच्यामागं पुन्हा मिटली. मला तिचं लुगडंही दिसेना.

मी हाक मारली. ओ आली नाही.

एक तासानं ती बाहेर आली. मी तिला आधार द्यायला हात धरला आणि सोडून दिला. विहिरीतून आत्ता काढलेल्या बादलीसारखा हात गार होता. उन्हात माझ्या काठीची पितळी मूठ धरवत नव्हती, आणि हिचे हात गार.

"काय हाय तठी?" मी विचारलं.

"तुमाले माईत हाय."

"मले काई माईत नाई."

"मंग कायले इचारता?" ती म्हणाली आणि चपला घालून उतरायला लागली. गुडघे दुखतात म्हणून ती रोज कण्हते. त्या दिवशी कण्हली नाही.

४

मग ती रोज यायला लागली. शिदोरी आणणाऱ्या पोराचं येणं तिनं बंद केलं.

आठ दिवसांत तिच्या बोटांची पेरं काळीनिळी पडली. रात्री ती दोन गोधड्या घ्यायची, आणि मी उघड्या अंगानं कुलरपुढं. यवतमाळहून मुलगी रजनी आली आणि आईला दिग्रसला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं थर्मामीटर तीनदा लावलं. बोटं पाहून त्यानं विचारलं, या बाई बर्फाच्या कारखान्यात कामाला आहेत का? घरी येऊन सांगताना रजनीला हसू आलं. मला आलं नाही.

रजनी गेल्यावर मी बेबीला समोर बसवलं.

"उद्यापासून तू वर येनार नाई."

"येईन."

"बेबे, लोकं हासतीन. बुढी बह्याड झाली म्हनतीन."

"लोकायची तुमालेच पडली हाय जलमभर." ती तांदूळ निवडत होती. ताटात बोट फिरवताना तिला दाणा धरता येत नव्हता. मान वर न करता ती म्हणाली, "त्याले थंडी वाजून राह्यली. दोन दिवस झाले म्हनते. कोनी येऊनच नाई राह्यलं म्हनते."

मी उठून बाहेर गेलो. कोठ्यात मेंढरं रवंथ करत होती. तो आवाज मी किती वेळ ऐकत उभा राहिलो सांगता येत नाही.

दोन दिवसांचं तिला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. उकंडा गेला त्या साली दिवाळीच्या सुटीत त्याच्या पलटणीतला भीमसिंग आमच्या घरी आला होता, पुसदकडच्या तांड्यावरचा. बेबी तेव्हा वावरात होती. तो याच खोलीत बसला आणि खाली पाहत बोलला. गोळी नव्हती. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत लागला होता. उकंडा घसरून खालच्या घळीत पडला आणि समोरून गोळीबार चालू असल्यानं दोन दिवस कोणी उतरू शकलं नाही. वाऱ्यानं त्याचा आवाज वर यायचा. पहिल्या दिवशी तो वरच्या साथीदारांना हाका मारत होता. दुसऱ्या दिवशी मेंढरांना. हर्रर्र, हर्रर्र करून. बोलवायची जी हाक असते, ती.

मी भीमसिंगला देवाची आण घातली. गावात सांगितलं, छातीवर गोळी घेतली, उभ्या उभ्या गेला. बेबीलाही तेच. बसथांब्यावरच्या दगडावर तेच कोरलं आहे. माझा पोरगा मेंढरांना हाका मारत गेला, हे मी कोणाला सांगणार होतो?

बेबी असं बोलली त्याच संध्याकाळी मी भीमसिंगला फोन लावला.

"काका, मी कायले सांगू काकूले? तुमीच तं आन घातलती."

"आठवून पाह्य. पेऊन कोठं बोलला असशीन."

"पंधरा वर्स झाले, सोडली मी. काऊन, काय झालं? काकू बरी हाय ना?"

मी फोन ठेवला.

५

दुसऱ्या दिवशी मी तिला कोंडायला हवं होतं. मी तसा विचारही केला. पण मला पाहायचं होतं. हे खरं आहे म्हणून सांगतो.

ती आत गेल्यावर मी थोडा वेळ जाऊ दिला. मग चपला काढून, पाय न वाजवता गेलो. जवळ गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती वाफ. डिसेंबरात पहाटे मेंढरांच्या नाकातून निघते तशी. मे महिन्यात, दुपारी एक वाजता.

दोन मेंढरांच्या पाठींवर हात टेकून मी आत डोकावलो.

बेबी डाव्या कुशीवर झोपली होती. पापण्यांवर पांढरं काहीतरी होतं. तिच्यापुढं ती रिकामी जागा होती आणि तिनं उजवा हात त्या जागेवर टाकला होता, आई लेकरावर टाकते तसा. तो हात जमिनीला लागलेला नव्हता. जमिनीपासून एक वीत वर होता. उचलून धरला असता तर थरथरला असता, तिच्यात तेवढा जोर नाही. हात सैल होता. टेकलेला होता. आणि मी पाहत असताना तो जरासा वर आला, आणि खाली गेला. पुन्हा वर येईपर्यंत फार वेळ लागला.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. काठी फिरवली. मेंढरं उधळली. ऊन एकदम आत पडलं.

बेबी किंचाळली, "काऊन हाकलले? आत्ताच डोया लागला व्हता त्याचा!"

तिला उठता येईना. मी तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. पंचाहत्तर वर्षांचा आहे मी. वाटेत दोनदा टेकलो. माझा सदरा पाठीला चिकटला होता तो घामानं नव्हे.

६

मेंढरं विकायची, हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं. मुलगा गेला होता. बायको जाऊ द्यायची नव्हती.

लखीराम व्यापारी दिग्रसहून गाडी घेऊन आला. जुना ओळखीचा, तोंडानं फाटका माणूस.

"भगवानराव, काय झालं? तुमी तं म्हनत व्हते, मी मेल्यावर नेजो."

"ने म्हनलं तं ने."

"बुढीनं भांडून बाहीर काढले काय मेंढरं? का तुमालेच काढून राह्यली?" तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यानं मुकाट्यानं फळी लावली.

बेबी दारात बसली होती. रडली नाही, अडवलं नाही. मेंढरं एकेक करून चढली. एरवी गाडीत चढवताना ती गाव डोक्यावर घेतात. त्या दिवशी एकही ओरडलं नाही. भरल्यावर मी फळ्यांच्या फटीतून आत पाहिलं. मेंढरं एकमेकांना खेटून उभी होती. मधे बोट घालायला जागा नव्हती.

ते पाहून मला बरं वाटायला हवं होतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जे मी घालवायला निघालो होतो ते त्या गाडीत चढलेलंच नव्हतं.

"झालं समाधान?" बेबी म्हणाली आणि भिंतीला धरून आत गेली.

७

आमची मागची खोली लहान आहे. वर टिनपत्रे. भिंतीला लागून एक दिवाण, रजनीनं घेऊन दिलेला. उन्हानं पत्रे दुपारी टणटण वाजतात. मेंढरं गेल्यापासून कोठा गप्प होता आणि तेवढाच एक आवाज उरला होता.

बारा वाजले की बेबी दिवाणावर जायची. भिंतीला पाठ लावून, कुशीवर, अगदी कडेला. पुढं जागा सोडून. दारात उभं राहिलं तरी गारवा पायाला लागायचा. टणटण बंद व्हायची.

चार वाजता ती उठायची. मग चारला उठेना, पाचला उठायला लागली. मग दिवे लागणीला. गारवा बोटांवरून मनगटावर आला, मनगटावरून कोपरावर. भाकरीचा तुकडा ती गालात धरून ठेवायची आणि विसरायची. डॉक्टर घरी येऊन गेला. म्हणाला, यवतमाळला न्या, हृदय फार हळू चालतं आहे. गाडी दारात आली. बेबीनं दिवाणाची कड धरली ती सोडली नाही.

गाडी परत गेल्यावर मी तिच्या उशाशी बसलो.

"बेबे, तू मरशीन."

"चाळीस जनायचं काम एकलीनं करून राह्यली मी," ती म्हणाली. आवाज कागदासारखा होता. "किती पुरन?"

पत्र्यावर एक कावळा चालत होता. तो उडून जाईपर्यंत मी थांबलो. मग मी सांगितलं. सव्वीस वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं ते सगळं. मांडीतला तुकडा. घळ. दोन दिवस. हर्रर्र, हर्रर्र. गोळी नव्हती, उभ्या उभ्या नव्हता, मीच तसं कोरून घेतलं. मला वाटलं ती मला शिव्या देईल. तिनं डोळेही उघडले नाहीत.

"एकला व्हता?" तिनं विचारलं.

"नाई. आनखी दोघं घसरले व्हते त्याच्यासंगं घळीत. कोठचे व्हते मले माईत नाई. भीमसिंग म्हने, सापडले तवा तिघं एकमेकाले धरून व्हते."

आता तिनं डोळे उघडले.

"त्यायच्या मायायले कोनी सांगतलं काय?"

मी तिची उशी सरळ केली.

"या मंग," ती म्हणाली. "तिकून या. त्याची पाठ उघडी हाय."

८

मी सदरा काढून खुंटीला लावला. का काढला माहीत नाही. दिवाणावर बाहेरच्या कडेला आडवा झालो, तिच्याकडे तोंड करून. आमच्या मधे रिकामी चादर होती. तिच्यावर सुरकुती नव्हती.

मी माझ्या मनाला सांगत होतो की ही आजारी बाई आहे, आणि मी तिची समजूत काढतो आहे. तेवढंच. पत्रे तापले होते, रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. असे आवाज ऐकू येत होते तोवर मी ठीक होतो.

मग ते आवाज थांबले.

मेंढरू पोटाखाली मुंडकं घालतं तेव्हा आधी हळूच नाकानं ढकलतं, आणि जागा मिळाली की कपाळानं आत शिरतं. तसं काहीतरी माझ्या छातीखाली शिरलं. गार. इतकं गार की आधी भाजल्यासारखं वाटलं. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले नाहीत. मी बेबीसारखा हात पुढं टाकला. तो चादरीपर्यंत गेला नाही. मधेच टेकला.

आयुष्यात मी कोणासाठी सरकलो नाही. धुऱ्यासाठी भावाशी भांडलो, बसमध्ये जागा सोडली नाही, पोराला मारलं तेही मेंढरं त्याच्यासाठी सरकली म्हणून. मी सरकलो. हातभर जागा केली.

बेबीचा श्वास ऐकू यायला लागला. नीट, भरलेला, झोपलेल्या माणसाचा. मी हात लांबवून तिचं कोपर चाचपलं. कोमट होतं. आठवड्यात पहिल्यांदा कोमट होतं. माझे दात वाजत होते, ते मी ओठांत दाबून धरले. वाटलं, झालं. एवढंच करायचं होतं. रोज चार तास. जमेल मला.

मग पुन्हा ढकललं. माझ्या गुडघ्यांजवळ. ही ढकलण्याची रीत वेगळी होती. भीत भीत, थांबून थांबून, परक्याच्या घरी आलेला माणूस उंबऱ्याशी घुटमळतो तशी. मी आणखी सरकलो. माझी पाठ दिवाणाच्या बाहेर गेली, एक हात जमिनीला टेकवून मी स्वतःला धरून ठेवलं. आणि पायांकडून, चादर जराही न हलता, तिसऱ्यानं नाक लावलं.

"अवो," बेबी म्हणाली. झोपेतला आवाज, घरात पाहुणे आल्यावर असतो तसा. "खाली सतरंजी टाका. येवढे जन दिवानावर नाई मावत."